बरोक काळातली सजावटीची छापचित्रं वाचायची कशी : नव्याने पाहू लागलेल्यांसाठी

१६८९ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यातलं चांदीचं फर्निचर टाकसाळीत पाठवायला काढलं. युद्धाला पैसा हवा होता. टेबलं, शमादानं, आरशांच्या चौकटी, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्या असा सुमारे २० टन ऐवज वितळला आणि त्याची नाणी पाडली गेली. क्लोद बालाँसारख्या अव्वल चांदीकाराचं आयुष्यभराचं काम त्यात गेलं. त्या वस्तू कशा दिसत असतील याचा अंदाज आज येतो तो काही रेखाटनांवरून, गोबलँच्या कारखान्यात विणलेल्या भित्तिपटांवरून आणि त्या काळी छापलेल्या कागदांवरून.

हा लेख त्या छापलेल्या कागदांबद्दल आहे. पलंग, टेबलं, शमादानं, फुलदाण्या, शेकोट्या, छतं, घड्याळं यांची तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली ही चित्रं साधारण १६३० ते १७३० या शंभर वर्षांत, म्हणजे युरोपातल्या भारदस्त, वळणदार बरोक शैलीच्या काळात, पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम, आउग्सबुर्ग अशा शहरांतून फार मोठ्या प्रमाणावर निघाली. संग्रहालयं त्यांना ऑर्नमेंट प्रिंट म्हणतात. आपण सजावटीची छापचित्रं म्हणू.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यांत नुसती गर्दी दिसते. पानं, पिसं, गुबगुबीत पोरं, राक्षसी चेहरे, फळांच्या माळा. डोळा कुठे ठेवावा कळत नाही आणि माणूस पुढच्या चित्राकडे वळतो. ही गर्दी फोडायची माझ्या मते एकच किल्ली आहे. हा कागद मुख्यतः कारागिरासाठी काढलेला होता. यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे कुठे आटपायचं, हे त्याने ठरवायचं होतं. आपणही त्याच्या नजरेने पाहू लागलो की प्रत्येक वळणामागे काहीतरी कारण दिसायला लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही नजर बसवण्यासाठी आहेत.

पायरी १ : एक माणूस, एक वस्तू

सुरुवातीलाच 'बरोक' असा शोध घेतलात तर हजारो चित्रं अंगावर येतील. त्याऐवजी एक कलाकार धरा आणि त्याची एकच वस्तू पाहा. मी ज्याँ ल पोत्रचं नाव सुचवेन (१६१८–१६८२). त्याची उमेदवारी आदाँ फिलिपाँ नावाच्या पॅरिसमधल्या एका सुतारकाम-कोरीवकाम करणाऱ्याकडे झाली. हा फिलिपाँ रोमला जाऊन आला होता आणि त्याच्यासाठी ल पोत्रने केलेला नक्षीच्या नमुन्यांचा संच १६४५ मध्ये निघाला. पुढे ल पोत्रने दोन हजारांहून अधिक चित्रं केली. त्याच्याकडे जवळजवळ सगळं सापडतं, आणि बरंचसं सहा-सहा पानांच्या छोट्या संचांत. नवख्याला हे फार सोयीचं आहे : सहा फुलदाण्या किंवा सहा पलंगकोनाडे घ्यायचे आणि एक संध्याकाळ त्यांतच काढायची.

पाहायला कुठे जायचं? न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (मेट), ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचंच कूपर ह्युइट ही तीन संकेतस्थळं पुरेशी आहेत. मेटने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींच्या प्रतिमा सर्वांना मोकळ्या केल्या आहेत. मोठ्या आकारात उतरवा, हव्या तशा वापरा. कूपर ह्युइटकडे लेऑं दक्लू या फ्रेंच वास्तुकाराने जमवलेला सजावटीच्या चित्रांचा मोठा साठा १९११ पासून आहे. नाव शोधताना रोमन लिपीत 'ल' आणि 'पोत्र' जोडून आणि तोडून (Lepautre, Le Pautre), दोन्ही प्रकारे टाका. जुन्या नोंदींत दोन्ही रूपं आढळतात आणि एकच रूप टाकलं तर अर्धा माल हुकतो. मोबाइलवर पाहू नका. लॅपटॉपचा पडदाही लहानच, पण निदान झूम करून एका पानाच्या कोपऱ्यात रेंगाळता येतं.

पायरी २ : नक्षीच्या आधी रेषा

चित्र उघडलं की शक्य तेवढं मोठं करा आणि एखाद्या पानाच्या किंवा चेहऱ्याच्या सावलीत जा. तिथे दोन प्रकारच्या रेषा भेटतील.

पहिली रेषा ब्युरिनची. ब्युरिन म्हणजे चौकोनी छेदाची, तिरकी घासलेली पोलादी कोरणी. ती तळहाताने ढकलत तांब्यातून चर काढायचा. जोर वाढला की चर रुंद होतो, कमी झाला की बारीक होत संपतो. म्हणून ही रेषा टोकाला निमुळती असते, मध्ये फुगते, आणि तिच्यात एक कडक शिस्त दिसते. दुसरी रेषा एचिंगची. पत्र्यावर मेण-राळेचं लुकण चढवायचं, सुईने त्यावर चित्र काढायचं आणि मग पत्र्यावर आम्ल सोडायचं. लुकण जिथे खरवडलं तिथे आम्ल तांबं खातं. सुई पेनासारखी मोकळी फिरते, म्हणून या रेषेत हस्ताक्षराची लय असते आणि तिची टोकं बोथट राहतात. आब्राम बॉसने १६४५ मध्ये या सगळ्या कृतींवर पुस्तक छापलं. त्यात कडक लुकणासाठी व्हिनेगरमध्ये नवसागर, मीठ आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) उकळून केलेल्या द्रावणाची कृती आहे.

हा फरक कळून काय उपयोग? उपयोग मोठा आहे. ल पोत्र बहुतेक काम एचिंगने करायचा, म्हणून त्याच्या पानांत कल्पना भराभर सुचत गेल्याचा वेग आहे. एकाच आठवड्यात कारागिराला दहा नव्या गोष्टी दाखवायच्या असतील तर हेच तंत्र कामाचं. याउलट रोमच्या जोव्हान्नी जार्दीनी या चांदीकाराचा शंभर पानांचा संग्रह १७१४ मध्ये प्रागमध्ये निघाला, तो माक्सिमिलिआन योसेफ लिंपाखने कोरला. तिथे धातूवर प्रकाश कुठे सरकतो, कंगोरा कुठे वळतो, हे इतकं नेमकं आहे की चांदी हातात धरल्यासारखी वाटते. लिंपाखच्या रेषा पाहून घडवणाऱ्याला खोली मोजता येते.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, आरशात दिसावं तसं.

पायरी ३ : तळाची बारीक अक्षरं

चित्राच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक अक्षरांत काही छापलेलं असतं. बहुतेक लोक ते सोडून देतात, आणि नेमकी तिथेच अर्धी माहिती असते. नावापुढे 'इन्व्ह.' असेल तर कल्पना त्याची. 'डेल.' म्हणजे रेखाटन त्याचं. 'स्कल्प.' किंवा 'स्क.' म्हणजे पत्र्यावर कोरणारा. 'फेक.' म्हणजे केलं त्यानेच, बऱ्याचदा एचिंगसाठी. 'एक्सक.' म्हणजे प्रकाशक, ज्याच्या दुकानात हा कागद विकत मिळायचा. एकाच पानावर तीन वेगळी नावं असू शकतात, आणि मग 'हे चित्र कोणाचं' या प्रश्नाचं उत्तर सरळ राहत नाही.

प्रकाशकाचा पत्ताही वाचा. पॅरिसमधल्या छापचित्रांच्या दुकानांचा पत्ता बहुधा र्‍यू सँ-झाक हा रस्ता असतो. घरांना नंबर नव्हते, म्हणून पाटीवरच्या चिन्हाने दुकान ओळखायचं : ज्याँ मारिएतचं दुकान 'हर्क्युलिसच्या खांबां'चं. पत्ता बदलला की पत्रा दुसऱ्या हातात गेला हे कळतं. शेवटी 'राजाच्या परवानगीने' अशा अर्थाची फ्रेंच ओळ असते. ती म्हणजे नक्कल करणाऱ्याला ताकीद. पण ही ताकीद फ्रान्सच्या हद्दीपुरतीच. आउग्सबुर्गच्या येरेमियास वोल्फने ज्याँ बेराँची पानं आपल्याकडे नव्याने कोरवून खुशाल विकली. नक्कल करणारा बहुधा छापलेलं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचा, त्यामुळे छापल्यावर ते मुळाच्या उलटं यायचं. एकच नक्षी दोन संग्रहालयांत डावी-उजवी उलट दिसली, तर घाईने दोन्ही मूळ समजू नका. खालची नावं ताडून पाहा.

पायरी ४ : मध्ये पट्टी धरा

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. पडद्यावर चित्राच्या बरोबर मध्ये उभी पट्टी धरा, किंवा कागदाचा तुकडा धरून उजवी बाजू झाका. डावी बाजू नीट पाहा. मग डावी झाकून उजवी पाहा.

बऱ्याच पानांवर दोन्ही बाजू सारख्या नसतात. एखाद्या भिंतीलगतच्या टेबलाचं चित्र घ्या. डावा पाय म्हणजे कंबरेखाली निमुळत्या खांबात विरघळणारी बाई, डोक्यावर टेबलाची कड पेलणारी. उजवा पाय म्हणजे खाली गुंडाळत गेलेली मोठी वेलांटी आणि तिच्यावर बसलेला गरुड. मधल्या पट्ट्यात डावीकडे फळांची माळ, उजवीकडे पानांची वेल. असं टेबल कुठेच बनलं नाही आणि बनवायचंही नव्हतं. एका पत्र्याच्या खर्चात दोन टेबलं दाखवायची, गिऱ्हाइकाने बोट ठेवून 'हा पाय' म्हणायचं, कारागिराने तो दुसऱ्या बाजूला उलटवून पूर्ण करायचा, असा हिशोब होता. आरशाची चौकट, शेकोटीवरची सजावट, गाडीची मागची बाजू, चर्चमधली वेदी, सगळीकडे ही युक्ती सापडते. एकदा ती कळली की आधी गोंधळलेली वाटणारी पानं एकदम बोलायला लागतात. मला तर एका चौकटीत दोन वस्तू वसवणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. दोन वेगळे अर्धे मधोमध भेटताना तोल जाऊ द्यायचा नाही, हे सोपं काम नाही.

मग खाली पाहा. काही पानांवर वस्तूच्या तळाशी तिचा वरून दिसणारा आराखडा असतो. टेबलाची पुढची कड बाहेर फुगलेली आहे की आत गेली आहे, हे समोरच्या दृश्यात कळत नाही, ते या आराखड्यात कळतं. मोजपट्टीही असते, तिच्यावरचं माप 'पिए' म्हणजे फ्रेंच राजफूट. हा फूट ३२.४८ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या फुटापेक्षा दोन सेंटिमीटरने मोठा. त्याचे १२ भाग म्हणजे १२ 'पूस'. कंपास घेऊन पट्टीवरून वस्तू मोजा. पलंग १४ पिए उंच भरला तर तो साडेचार मीटर झाला. आपल्या फ्लॅटचं छत तीन मीटरच्या आसपास असतं. माप काढल्याशिवाय या वस्तूंचा दरारा कळतच नाही.

सगळीच पानं पर्याय दाखवणारी नसतात, हेही सांगायला हवं. ल पोत्रचा मुलगा पिएर याने राजाच्या दालनांतल्या टेबलांचा एक संच कोरला. ती टेबलं खरोखर तिथे होती. अशा पानांवर दोन्ही बाजू जुळतात आणि शीर्षकात जागेचं नाव असतं.

पायरी ५ : आठ-दहा खुणा पाठ करा

गर्दीतल्या वस्तूंना नावं मिळाली की ती गर्दी राहत नाही. फार नावं लागत नाहीत.

अकँथस : कंगोरेदार, जाड शिरेचं, टोकाला बाहेर वळणारं पान. ही खूण पहिली, कारण बाकी सगळं तिच्यातून फुटतं. वेल निघते ती याच पानाच्या पोटातून, टेबलाचा पाय जमिनीला टेकतो तो याच पानात. पुत्तो : पंख असलेलं किंवा नसलेलं गुबगुबीत पोर. माळ पेलायला, पडदा धरायला, घड्याळावर बसायला त्याची नेमणूक असते. कार्तूश : कागदाच्या किंवा चामड्याच्या गुंडाळलेल्या कडांची ढाल, मध्ये कुलचिन्हासाठी रिकामी जागा. मुद्दाम रिकामी, ज्याचं काम त्याचं चिन्ह. मास्कारों : कमानीच्या किंवा चौकटीच्या मधोमध बसवलेला चेहरा. आपल्या देवळाच्या उंबऱ्यावरचं कीर्तिमुख ज्याने पाहिलंय त्याला तो लगेच ओळखू येईल, दोन्ही पाहणाऱ्याला दारातच थांबवतात. फेस्टून म्हणजे दोन टोकांना बांधून मध्ये झोळ सोडलेलं फळाफुलांचं तोरण. लांब्रेकाँ म्हणजे कडेला कात्रे दिलेली, गोंडे लावलेली झालर, जी कापडाची असते पण लाकडात आणि धातूतही कोरतात. पिळदार खांब तर शिल्पकार बेर्निनीने रोमच्या सेंट पीटर चर्चच्या वेदीवर १६२४ ते १६३३ मध्ये उभे केलेल्या ब्राँझच्या छत्रानंतर जगभर गेले.

डच पानांत एक निराळंच प्रकरण भेटेल. कानाच्या पाळीसारखे, वितळल्यासारखे, मांसल आकार, ज्यांत लाट कुठे संपते आणि समुद्री प्राण्याचं तोंड कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. उट्रेख्टच्या फान व्हियानेन घराण्यातल्या चांदीकारांनी ही शैली घडवली. आदाम फान व्हियानेनच्या भांड्यांची चित्रं त्याच्या मुलाने, क्रिस्तिआनने, सुमारे १६५० मध्ये छापून काढली. सगळ्यांना ती आवडत नाहीत. मला ती या साऱ्या शतकातली सर्वांत धाडसी पानं वाटतात, कारण चांदीचा पातळ पत्रा ठोकून वाहता करता येतो हे सत्य त्यांनी शेवटपर्यंत ताणून पाहिलं.

पायरी ६ : दशक ओळखा

वर्ष नेमकं सांगता आलं नाही तरी टप्पा ओळखता येतो. १६४०–१६८० च्या पानांत वजन असतं : जाड माळा, भरीव आकृत्या, रिकामी जागा जवळजवळ नाहीच. ल पोत्र इथला. १६८० नंतर ज्याँ बेराँ आला (१६४०–१७११). तो १६७४ पासून राजाच्या दरबारचा आरेखक होता : ऑपेराचे पोशाख, मिरवणुका, अंत्यविधींची सजावट, सगळं त्याच्याकडे. त्याने पानांतून हवा खेळवली. बारीक पट्ट्यांची जाळी, तिच्यात झुलणारी माकडं, नर्तक, छोटे मंडप, आणि मागे पांढरा कागद मोकळा. १७०० नंतर पट्ट्या आणखी बारीक होतात, वेलींशी गुंफल्या जातात. आणि १७३० च्या सुमारास शिंपल्यासारखी शिखा एका बाजूला झुकलेली दिसली, डावं-उजवं मुद्दाम विजोड केलेलं दिसलं, की बरोक संपून रोकोको ही पुढची शैली सुरू झाली म्हणा. इथे पायरी ४ मधला सापळा सांभाळा. दोन पर्याय दाखवण्यासाठी विजोड असणं वेगळं, आणि एकच वस्तू विजोड असणं वेगळं.

पायरी ७ : कागदावरून वस्तूकडे

चित्र पाहिल्यावर त्याची भावंडं प्रत्यक्षात शोधा. मजा इथे आहे.

दानियेल मारो (१६६१–१७५२) पॅरिसचा, प्रॉटेस्टंट. १६८५ मध्ये लुईने प्रॉटेस्टंटांना धर्माची मुभा देणारा नांतचा फतवा रद्द केला आणि अनेक प्रॉटेस्टंटांनी देश सोडला, त्यांत मारोही नेदरलंड्सला गेला. सोबत पॅरिसची सगळी शैली डोक्यात घेऊन. तिथे तो विल्यम तिसरा आणि मेरी (पुढे इंग्लंडचे राजा-राणी झालेले) यांच्या पदरी राहिला, त्यांच्या हेट लो राजवाड्याच्या आतली सजावट त्याची. म्हणजे लुईच्या शत्रूचा महाल लुईच्याच दरबारी शैलीत सजला, आणि त्याला कारण लुईचाच हुकूम.

मारोची पलंगांची पानं सावकाश पाहा. लाकूड कुठेच दिसत नाही. उशाचा फळा वेलांट्यांनी कातलेला, पण त्यावर कापड असं घट्ट चढवलेलं की प्रत्येक वेलांटीची कड कापडातून वर येते. वरच्या छताला पुढे खांब नाहीत, ते मागच्या भिंतीकडून आणि आढ्याकडून पेललेलं. छताच्या कडेला झालरींचे कात्रे एकाआड एक लहान-मोठे, प्रत्येक कात्र्याला किनार, टोकाला गोंडा. चारी कोपऱ्यांवर शहामृगाच्या पिसांचे तुरे. ही सगळी कामगिरी सुताराची थोडी आणि गादी-पडदेवाल्याची जास्त. या धाटणीचा एक खरा पलंग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, स्कॉटलंडच्या मेलव्हिल घराण्यासाठी सुमारे १७०० मध्ये केलेला. बाहेरून किरमिजी मखमल, आतून हस्तिदंती रेशीम, उंची साडेचार मीटरच्या घरात. मारोचं पान आणि या पलंगाचा फोटो शेजारी ठेवून झालरीचे कात्रे मोजा. मारोच्या शेकोट्याही अशाच पाहण्याजोग्या. चीन-जपानहून आलेली चिनीमातीची भांडी छोट्या फळ्यांवर छतापर्यंत रचलेली. राणी मेरीला या भांड्यांचं वेड होतं.

दुसरी जोडी आंद्रे-शार्ल बूलची (१६४२–१७३२). कासवाच्या पाठीचा पातळ पापुद्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवायचे, दोन्ही एकदम करवतीने कापायचे, मग कासवात पितळेची वेल बसवायची. उरलेल्या तुकड्यांतून पितळेत कासवाची वेल. एका कापणीतून दोन फर्निचर. त्याच्या फर्निचरची पानं मारिएतने छापली, आणि बूलने ट्रियानों महालासाठी केलेली दोन खणांची कपाटं आज व्हर्सायमध्ये आहेत. १७२० मध्ये बूलच्या कारखान्याला आग लागली, त्यात त्याने आयुष्यभर जमवलेली रेखाटनं आणि छापचित्रं जळाली.

पायरी ८ : जुन्या गोव्याला जाऊन या

महाराष्ट्रातून युरोप गाठणं सगळ्यांना जमणारं नाही, पण बाँ जेझूसची बॅसिलिका एका रात्रीच्या बसवर आहे. तिथली संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनीची. हा नुसता शिल्पकार नव्हता. फ्लॉरेन्समध्ये तिथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या कारखान्यांचा तो प्रमुख होता, रंगीत दगडांच्या जडावाची कपाटं, पेट्या, वेद्या त्याच्या आराखड्यांवरून बनत. म्हणजे आपण ज्या जगाची पानं पाहतोय त्याच जगातला माणूस. समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेली भेट आहे. तिचे भाग फ्लॉरेन्सहून जहाजाने आले, जुळणीसाठी प्लाचिदो रांपोनी सोबत आला, आणि १६९८ मध्ये ती उभी राहिली.

समोर उभं राहून वरच्या पायऱ्या वापरा. रंगीत दगडाचे थर कुठे बदलतात, पुत्तो कुठे नेमलेले आहेत, कार्तूश कुठे आहे, ब्राँझच्या कोरीव चौकटींना कड कोणती दिली आहे. सगळ्यांत वर चांदीची पेटी आहे, ती या समाधीच्या साठ वर्षं आधीची, १६३०च्या दशकात गोव्याच्याच चांदीकारांनी केलेली. इटालियन दगड आणि गोव्याची चांदी एकावर एक आहेत, तेव्हा दोन हातांच्या नक्षीतला फरक जागेवरच पाहता येतो. सोनेरी मुख्य वेदीवरचे पिळदार खांब आणि लाकडी कोरीव व्यासपीठही सोडू नका. दुर्बीण न्या. खालून वरची नक्षी नुसत्या डोळ्याला लागत नाही, आणि समाधीजवळ गर्दीत फार वेळ उभं राहू देत नाहीत, म्हणून सकाळी दार उघडताच पोहोचा.

पायरी ९ : हाताने काढा

पाहून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट काढून कळतं. दोन पर्यायांचं एखादं पान ए-थ्री आकारात छापून घ्या. मधोमध घडी घाला. ट्रेसिंग पेपरवर डावा अर्धा टू-बी पेन्सिलीने उतरवा, कागद उलटवा आणि उजवीकडे तोच अर्धा पुरा करा. मग दुसऱ्या कागदावर उजव्या अर्ध्याचं तसंच. आता तुमच्यासमोर दोन पूर्ण टेबलं आहेत, त्या काळच्या कारागिराने मनात पाहिली तशी. यातलं कोणतं उभं राहील, कोणाचा पाय भार पेलेल, कोणाची माळ पहिल्या आठवड्यात तुटेल, हे स्वतःला विचारा. रेषा काढताना अकँथसची मधली शीर आधी काढा, कंगोरे नंतर. शिरेचं वळण चुकलं तर पान मरगळतं, मग कितीही कंगोरे घाला.

रांगोळी, मेंदी, पैठणीचा पदर किंवा सोनारकाम ज्यांच्या हातात आहे, त्यांचा हात या वळणांवर लवकर बसतो.

विकत घ्यायचं असेल तर

मूळ पानं अजूनही युरोपातल्या जुन्या छापचित्रांच्या दुकानांत मिळतात, आणि मोठ्या चित्रकारांच्या मानाने स्वस्त. पण आधी कागद उजेडासमोर धरा, किंवा विकणाऱ्याकडून तसा फोटो मागवा. त्या काळच्या हातकागदात साधारण अडीच-अडीच सेंटिमीटरवर उभ्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. अशा रेघांशिवायचा एकसंध कागद इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकात निघाला, तेव्हा त्यावरचं पान १६६० ला छापलेलं असू शकत नाही. कागद जुना असला तरी छाप पहिलीच असेल असंही नाही. ल पोत्रचे पत्रे त्याच्यामागे बराच काळ टिकले आणि झाँबेर या प्रकाशकाने १७५१ मध्ये त्याच्या चित्रांचे तीन खंड काढले. पत्रा झिजला की बारीक रेघा आधी जातात आणि सावल्या करड्या पडतात. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची खूण असते, मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका : एकोणिसाव्या शतकात फोटोच्या तंत्राने केलेल्या पुनर्मुद्रणांनाही ती असते. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं आधुनिक पान.

घरी आणल्यावर लॅमिनेशन अजिबात करू नका. आम्लविरहित जाड पुठ्ठ्याच्या खिडकीत ठेवा, काच कागदाला चिकटू देऊ नका, आणि पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर फ्रेम उतरवून कोरड्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेली बरी. बुरशी आणि कसर दोन्ही पावसाळ्यातच कागदाला लागतात. पाठीमागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता.

ल पोत्रचे सहा-सहाचे चार-पाच संच असे पाहून झाले की पुढे जार्दीनीची चांदीची पानं घ्या. त्यानंतर रोमच्या फिलिप्पो पासारीनीचा १६९८ चा संग्रह पाहा, ज्यात वेद्यांपासून रथांपर्यंत सगळं आहे. मग जर्मन वास्तुकार पाउल डेकरच्या १७११ च्या, राजवाड्यांचे आराखडे असलेल्या संग्रहाकडे वळा. तो आधी पाहिला तर डोळे दिपतात आणि हाती काही लागत नाही.